किसनाचं दूध

मंडळी, उद्यापासून मी दुधाले जानार नाई. काहून, ते आयका.

लढाईपायी आपन वाशीमकडचे मजूर फ्रान्सात आलो, तवापासून इंझोरीचा किसन इथल्या एका म्हातारीकडून दूध आने. निरोप घ्यायचा फ्रेंच शब्द मी त्याले शिकवला होता. पन गडी म्हने, "निघतानी आपल्यात 'येतो' म्हनतात." म्हनून तो रोज 'ज व्हियँ' म्हने, म्हनजे 'मी येतो'. म्हातारी हासे.

काल तोफगोळ्यानं किसन गेला.

आज दुधाले मी गेलो. तिनं त्याचं दूध झाकून ठेवलं होतं. म्हने, "तो येतो म्हनून गेला."

'मेला'ले फ्रेंच शब्द मले येते. इथं आल्यावर पह्यले तोच शिकलो. पन तिच्यासमोर तोंडातून निघाला नाई.

सांगा, उद्या कोन जाते?