काळ्या पाटीवरचं टपाल

रुग्णालयाच्या संगणक-खोलीतल्या ताईंना सगळे पाठीमागे 'काळी पाटी' म्हणत. कारण त्यांचा पडदा: काळा, वर पांढरी अक्षरं, बस्स. चित्र नाही, रंग नाही, दाबायला बटण नाही. ईमेलसुद्धा त्या त्याच पाटीवर वाचत. एक आज्ञा टाइप केली की यादी यायची, क्रमांक दिला की पत्र उघडायचं, मग स्पेसबार दाबत शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. सत्तावीस वर्षं हेच. माऊस त्यांनी कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता.

नव्या साहेबांच्या डोळ्यांत ही पाटी खुपली. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना गुळगुळीत, रंगीत प्रोग्रॅम वाटला. ताईंनी तो घेतला नाही. आधी तुमचा नीट चालू दे, मग बघू, असं त्यांनी भर बैठकीत ऐकवलं, तेही साहेबांचा संगणक बंद पडलेला असताना. बाई तोंडाची फटकळ, हे मान्यच. पण साहेबांसारखी आतल्या गाठीची नव्हती.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि ही खोली गेली तर ताईंचं काहीच उरणार नव्हतं. घर भावाचं, स्वयंपाकघर भावजयीचं. आपलं म्हणावं असं इथलं टेबल तेवढं. भावजय त्याच रुग्णालयात, आस्थापना विभागात. तिला तिथे चिकटवली ती ताईंनीच.

एका सकाळी साहेबांचं पत्र आलं. ताईंच्या अनुभवाचं तोंडभरून कौतुक, आणि शेवटी विनंती: जुन्या कागदांच्या खोलीत बदलीला संमती द्यावी, 'मान्य' एवढं लिहिलं तरी पुरे. ताई पाघळल्या. इतक्या वर्षांत कुणी असं बोललंच नव्हतं. 'मान्य' लिहायचं जवळजवळ ठरलंच होतं, पण सवयीनं बोट स्पेसबारवर गेलं.

खाली आणखी मजकूर होता. साहेबांनी आपल्या जुन्याच पत्रव्यवहारावर हे पत्र लिहून धाडलं होतं. त्यांच्या रंगीत प्रोग्रॅममध्ये जुनी पत्रं तीन ठिपक्यांमागे झाकलेली असतात, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. काळ्या पाटीला झाकाझाक येत नाही.

भावजयीनं साहेबांना लिहिलं होतं, 'त्या हट्टी आहेत. थोडं कौतुक करा, लगेच पाघळतील. संमती आली की इकडचं पद रद्द, आणि तिकडून वर्षाच्या आत घरी. घरचं मी सांभाळते, माझ्या बढतीचं तुम्ही बघा.'

ताईंना संताप आला. त्याहून जास्त लाज वाटली, कारण पाघळल्या तर होत्याच. त्यांनी उत्तर लिहिलं, 'अमान्य. शेवटपर्यंत वाचलं.' खालचा मजकूर तसाच ठेवून ते सगळ्या विभागांना पाठवलं. दुपारी साहेब दारापर्यंत येऊन परत गेले. बदलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

संध्याकाळी भावजयीनं ताट आदळलं.

"एवढं खालपर्यंत कशाला वाचत बसलात, ताई?"

"तू लिहिलं होतंस. वाचायला नको?"

भावानं आणखी एक पोळी वाढून घेतली. त्यानंतर तीन वर्षं दोघी एकाच टेबलावर जेवल्या आणि मीठसुद्धा एकमेकींकडे मागितलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी भावजयीचं पत्र आलं. चार ओळी, गोड. ताईंनी त्या वाचल्या आणि खाली काही आहे का, ते स्पेसबार दाबून पाहिलं. काही नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं.