मादीने नर न खाल्ल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः. वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा नागपूरच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली, शिक्षण सातवीपर्यंत. परीक्षेच्या दिवशी ताप होता, नाही तर याहून पुढचे सांगता आले असते. सामनेवाले: मुलींच्या एका शाळेची व्यवस्थापन समिती, एकूण पाच पुरुष. घटनेचा काळ: सत्तरीच्या दशकातला एक आश्विन, दसऱ्याच्या आधीचा आठवडा. साक्षीदार क्रमांक एक: हात जोडून बसणारा लांब मानेचा हिरवा किडा, मादी. क्रमांक दोन: त्याच जातीचा नर, सध्या बेपत्ता. क्रमांक तीन: माझी बायको. नावे कोणाचीच दिलेली नाहीत, कारण यातली माणसे अजून नागपुरातच भाजी घेतात, आणि किड्यांना नावे नव्हती.

हकीकत अशी की, त्या आठवड्याच्या सुरुवातीला लाकडाच्या टालीचे एक मालक माझ्या चटईसमोर उकिडवे बसले. गृहस्थ अंगाने भक्कम, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला.

"मुन्शीजी, शाळेवर अर्ज ठोकाचा हाय."

"काहून?"

"काल जेवाले बसलो. मी अन् दोन्ही पोरं. तर पोरगी म्हणते, बाबा, आईले आधी जेवू द्या. म्या म्हटलं, काहून वं? तर म्हणते, विज्ञानाच्या बाईनं शिकवलं. बरणीत किडे आणून दाखवले. उपाशी मादी नराले खाऊन टाकते म्हणे."

"मग?"

"मग काय मग? बायको हसली न. माझ्या घरात, मले पोळी वाढता वाढता हसली."

खरी तक्रार त्या हसण्याची होती, हे माझ्यासारख्या अनुभवी माणसाला ताबडतोब कळले. परंतु हसण्याविरुद्ध कोणते कलम लागते ते मला माहीत नव्हते, म्हणून आम्ही दोघांनी विचारांती शिक्षिकेविरुद्ध अर्ज केला. त्यातले मुख्य वाक्य असे: 'सदर शिक्षिका कोवळ्या मुलींना पतिभक्षणाचे असत्य व अनीतिमान धडे देत आहे.' पतिभक्षण हा शब्द मी त्याच सकाळी घडवला होता आणि दिवसभर तो मनातल्या मनात म्हणून पाहत होतो. असत्य हा शब्द केवळ वजनासाठी टाकला. एकटे विशेषण सरकारी कागदावर उघडेवाघडे दिसते.

दोन दिवसांनी, बुधवारी, त्याच चटईवर एक तरुण बाई येऊन बसल्या. कळमेश्वरहून रोज एसटीने येऊन त्या शाळेत विज्ञान शिकवीत. नेमणूक तात्पुरती, दिवाळीनंतर कायम होणार, असे तोंडी सांगितलेले. त्यांच्या हातात शाळेची नोटीस होती आणि नोटिशीला माझाच अर्ज टाचलेला होता. त्यांनी आधी स्वतः उत्तर लिहून दिले होते, पण मुख्याध्यापिकाबाईंनी ते परत केले: हा खुलासा आहे की धडा? कचेरीतल्या पद्धतीने लिहून आणा.

मी अर्जाकडे पाहिले. बाईंनी माझ्या हातातल्या अर्धवट लिहिलेल्या कागदाकडे पाहिले, मग अर्जाकडे, मग माझ्याकडे.

"अक्षर तुमचंच आहे."

"आमच्या धंद्यात दोन्ही पक्ष एकाच चटईवर येतात, बाई."

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय, तर उत्तरही तुम्हीच द्या. प्रश्न तुम्हाला पाठ असतील."

मी टाक पुसला. "ती खाते काहून, हे आधी सांगा. कारण कळल्याशिवाय खुलासा उभा राहत नाही."

"तिला अंडी घालायची असतात, मुन्शीजी. पुष्कळ. त्यासाठी पोटात काही लागतं. समोर जे हललं ते तिचं अन्न. नर तिच्याहून लहान असतो, आणि तोही हलतो."

"पण तो नवरा आहे."

"तिला तसं कोणी सांगितलेलं नाही."

"मग तो मूर्ख जातो तरी काहून?"

"जपून जातो. मागून, हळूहळू, तिची नजर दुसरीकडे असताना. ती पोटभर जेवलेली असली तर बहुतेक वेळा सुटतो. उपाशी असली तर धोका. पुष्कळदा आधी डोकंच खाते."

"म्हणजे काम तिथंच थांबत असेल."

"नाही. चालू राहतं. उलट जास्त जोरात. आवर घालणारं डोकंच नसतं ना."

वीस वर्षे कचेरीसमोर बसल्यामुळे डोक्याविना काम चालते हे मला नवे नव्हते. ते जोरात चालते, हे मात्र मी प्रथमच ऐकत होतो. बाई पुढे म्हणाल्या की खाल्लेला नर वाया जात नाही, त्याचे सत्त्व त्याच्याच अंड्यांत उतरते. बापाने पोरांसाठी काही मागे ठेवावे, असे आम्हीही म्हणतो. इतके ठेवावे, असे म्हणत नाही.

मी खुलासा लिहिला, आणि तो चांगला उतरला. त्यावर त्याच दुपारी समितीने ठराव केला की, शनिवारी शिक्षिकेने किडे हजर करावेत व मादीने नरास समितीसमक्ष खाऊन दाखवावे. बेसा गावच्या शेतांच्या बांधावरून पकडलेली ती जोडी शाळेने तोवर वर्गाबाहेर काढली होती, आणि एसटीच्या गर्दीत बरण्या सांभाळणे कठीण. तेव्हा बाईंनी दोन्ही बरण्या माझ्या हाती दिल्या. मादी उपाशी ठेवा, पाण्याचे चार थेंब शिंपडा, एवढेच म्हणाल्या. मी मुद्देमाल ताब्यात घेतल्याची पावती लिहून दिली. त्यांनी मागितली नव्हती.

घरी बायकोने बरण्या चुलीपासून दूर फळीवर ठेवल्या आणि मादीची बरणी उजेडात धरून निरखली.

"हिले काही खायले द्यायचं नाही," मी बजावले. "शनवारी समितीपुढं हिनं नराले खाल्लं पाहिजे."

"पोट पाहा न तिचं. पोटुशी हाय ते."

"किडा आहे वं तो."

"किडा पोटुशा राहत नाई काय?"

मी जेवायला बसलो. आमच्याकडे आधी मी जेवत असे, मग मुले, मग ती. यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नव्हते.

शनिवारी शिक्षकांच्या खोलीत सारे जमले: समितीचे पाच सभासद, मुख्याध्यापिकाबाई, टालवाले, विज्ञानाच्या बाई आणि बरण्यांसह मी. अध्यक्षांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी होती. बाईंनी मादीच्या बरणीचे झाकण काढून नर आत सोडला. तो दहा मिनिटे एका काडीवर खिळून उभा राहिला. मग एकदम उडी मारून तिच्या पाठीवर बसला आणि ज्या कामासाठी आला होता त्याला लागला.

पाच सभ्य गृहस्थ, त्यांतले दोघे आजोबा झालेले, काचेला नाक लावून पाहत राहिले. अनीती पाहण्यासाठी इतकी एकाग्रता मी कोर्टातही पाहिलेली नाही. मुख्याध्यापिकाबाई भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडे वळल्या आणि वर्धा नदी कोठून कोठे जाते ते बघू लागल्या. चहा आला, निवला, दुसरा आला.

"आता खाईन," एक सभासद म्हणाले.

"नाई गा, अजून टाइम हाय," दुसरे जाणकाराच्या सुरात म्हणाले.

"तुमाले लय माहिती," अध्यक्ष म्हणाले.

दीड तासाने नर उतरला, बरणीच्या काठावर आला, तेथून अध्यक्षांच्या टोपीवर आणि टोपीवरून खिडकीबाहेर गेला. मादी हात जोडून बसली होती. तिने त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

"ती जेवलेली आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच चढला. "मी मुलींना हेच सांगितलं होतं. पोट भरलेलं असलं तर..."

"बाई, तुम्ही म्हटलं खाते. आम्ही पाहिलं, नाही खात." अध्यक्ष माझ्याकडे वळले. "काय मुन्शीजी, उपाशी होती न?"

मी उभा राहिलो. उभे न राहताही सांगता आले असते. "मुद्देमाल बुधवारपासून माझ्या ताब्यात आहे, आणि अन्नाचा कणही दिलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि बरणीचे झाकण लावले.

समितीने शेरा दिला: 'शिकविलेली गोष्ट प्रत्यक्ष प्रयोगात खोटी ठरली. कायम करण्यास अयोग्य.' तोही मीच लिहिला, कारण खोलीत सर्वांत चांगले अक्षर माझे होते. अर्ज माझा, खुलासा माझा, शेरा माझा. त्या दिवशी मला याचा किंचित अभिमानही वाटला, हे नमूद करणे भाग आहे.

घरी पोचलो तर बायको दारातच.

"खाल्लं काय तिनं?"

"नाही."

"मंग बरं झालं. रोज दोन झुरळं अन् एक टोळ देत होती मी. भरल्या पोटी कोन खाते नवऱ्याले?"

मी वहाणा काढल्या. "त्या बाईची नोकरी गेली वं."

तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.  पदर खोचून ती म्हणाली, "तं सांगून येऊ न त्यायले. मी येतो संगं."

सोमवारी ती खरोखर आली. अध्यक्षांपुढे उभी राहून तिने झुरळांचा हिशेब दिला आणि वर विचारले, "तुमी समदे बी शनवारी घरून जेवूनच आले असान न? तशीच ते बी जेवली होती." अध्यक्ष मला म्हणाले की प्रकरण बंद झाले आहे, आणि घरच्या बाईला घरी घेऊन जावे. वाटेत ती मला एवढेच म्हणाली की शपथ घेण्याआधी तिला विचारायला हवे होते. त्या संध्याकाळपासून आमच्याकडे दोन ताटे एकदम वाढली जातात. याचे कारण मी कोणाला सांगितलेले नाही. शेजारी सावधगिरी समजतात, आणि ते अगदीच चूक नाही.

बाई दिवाळीनंतर घरी बसल्या. त्यानंतरच्या वर्षांत तीन शाळांत गेल्या. प्रत्येक ठिकाणी मुलाखत चांगली झाली, आणि प्रत्येक ठिकाणी जुन्या शाळेच्या दाखल्यावरचा तो शेरा वाचून कागद परत आले. खोटे शिकवणारी शिक्षिका कोणाला हवी असते? गेल्या पंधरवड्यात त्या पुन्हा माझ्या चटईवर आल्या. एका शाळेत जागा निघाली आहे, आणि नोकरीच्या वयाची अट त्यांच्यासाठी या वर्षी संपते. त्यांनी मला दोष दिला नाही. फक्त म्हणाल्या, "अक्षर तसंच सुंदर येऊ द्या, मुन्शीजी."

सबब समितीस विनंती की, सदर प्रयोगातील मादी साक्षीदार क्रमांक तीनने पोटभर जेवू घातलेली होती; मी शपथेवर दिलेली माहिती चुकीची होती; आणि मादीने नर न खाल्ल्याने शिक्षिकेचे म्हणणे खोटे न ठरता खरेच ठरले, या तीन गोष्टी दप्तरी नोंदवून दाखल्यावरील शेरा रद्द करावा व शेरा नसलेला नवा दाखला द्यावा. अध्यक्षांना संशय असल्यास नवी जोडी पकडून मादीस तीन दिवस उपाशी ठेवण्याची माझी तयारी आहे. त्या काळात बरणी माझ्या घरी राहणार नाही. नव्या शाळेत कागद देण्याची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते, तेव्हा उत्तर त्यापूर्वी, लेखी आणि शिक्षिकेच्या नावे द्यावे. मला कळवले नाही तरी चालेल.