रेडिओवर सुटलेलं नाव

माझी धाकटी जाऊ माहजबीन नवरी होऊन आली, त्याच दिवशी मी ओळखलं की ही काही आपल्याला सुखानं जगू देणार नाही. आमच्याकडे नवरीनं ओढणीखाली मुकं बसायचं असतं. कुणा म्हातारीनं सहज विचारलं, ही कुणाची सून गं, तर ओढणीच्या आतूनच उत्तर आलं, "माझं नाव माहजबीन. सून होऊन अजून अर्धा दिवसही नाही झाला." बायका हसल्या, सासूबाई मात्र आठवडाभर फुरंगटून बसल्या होत्या.

आमच्या खोऱ्यात बाईचं नाव घराच्या भिंतीबाहेर जात नाही. लग्नाच्या निमंत्रणावर अमक्याची मुलगी, मयताच्या पुकाऱ्यात तमक्याची आई. माझा नवरा मला ‘जहीरची आई’ म्हणतो, आणि जहीर जन्मायच्या आधी नुसता खोकायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. माहजबीनला वाटायचं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि हजेरीला प्रत्येक पोरीकडून तिचं नाव मोठ्यानं वदवून घ्यायची. जी पुटपुटली तिला पुन्हा उभं करायची. म्हणायची, नाव म्हणजे काय चोरीचा माल आहे का, लपवून ठेवायला?

मग नवे राज्यकर्ते आले आणि मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. माहजबीन काही दिवस घरात भांडी आपटत फिरली आणि एक दिवस कापडबाजाराच्या मागच्या दोन खोल्यांच्या रेडिओ केंद्रावर जाऊन बसली. शाळा चालू होती तेव्हा ती तिथं अधूनमधून बायकांच्या हक्कांवर बोलायची, आता ते बोलायची सोय राहिली नव्हती. तिनं धडे वाचायला सुरुवात केली. सकाळी बायका नान भाजायला बसतात त्या वेळी सातवीपासून बारावीपर्यंतचं गणित, आणि शेवटी पोरींनी फोन करून उत्तरं सांगायची. कोकचा नदीच्या दोन्ही काठांवर तंदुरांशेजारी रेडिओ लागायचे. मला अक्षर येत नाही, पण त्रिकोणाला किती कोन असतात ते मला त्या वर्षी कळलं.

फोनचा नियम तिनंच केला होता. स्वतःचं नाव सांगायचं नाही, बापाचं नाही, गावाचं नाही. पोरींनी भाजीपाल्याची, फळांची नावं घ्यायची. मग कुणी तुती झाली, कुणी अक्रोड, कुणी जर्दाळू. मी तिला चिडवायची, "काय गं, हजेरी घेणारी बाई आता मंडई भरवायला लागली का?" ती हसायची नाही. "जाऊबाई," म्हणायची, "नाव नंतर मागून घेऊ. आधी गणित तरी हातचं जायला नको."

पाणचक्कीवाल्या निआमतची मुलगी ‘पुदिना’ म्हणून बोलली ती त्या वर्षीच्या हिवाळ्यात. निआमत तसा भला माणूस. पोरीला स्वतःचा फोन त्यानंच दिला होता. तिचा तो पहिलाच फोन. अवघड उदाहरण होतं. उत्तर सांगायच्या आधी ती किंचित हसली, आणि आमच्या माहजबीनला कशाचं भान राहिलं नाही.

"अगं गुलचेहरा, तू!" रेडिओतून तिचा आवाज आला. "अजून तशीच, उत्तराच्या आधी हसणारी. चक्कीवरचं पीठ केसांत घेऊन वर्गात यायचीस, आठवतं?"

मी नान तंदुराला लावत होते. हात तिथंच थांबला आणि नान निखाऱ्यांत पडली. रेडिओत फोन कट झाल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. सबंध खोऱ्यात पाणचक्की एकच आहे.

माहजबीन परतायच्या आधीच बातमी घरी पोचली होती. जहीर चहाखान्यातून ऐकून आला. तिथं लोक निआमतला विचारत होते, काय रे, तुझ्या घरचा पुदिना ताजा आहे का, जुडी कितीला देतोस. माहजबीन दारातच उभी राहून ऐकत होती. बुरखा काढायचंसुद्धा तिला सुचलं नाही. "मी," ती म्हणाली, "मीच." रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी धडा वाचून झाला आणि फोन वाजलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुती, अक्रोड, जर्दाळू, सगळ्या घाबरून गप्प झाल्या. ज्या बाईच्या जिभेला हाड नाही तिला फोन कोण करणार? माझ्या दिरानं, तिच्या नवऱ्यानं, सुचवलं, थोडे दिवस घरी बस. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, आता बसावंच लागेल, कुठल्या तोंडानं जाऊ.

मी तिला दंडाला धरून उठवलं. आमच्याकडे अपराध झाला की थोरल्या माणसाला बरोबर घेऊन, ज्यांचा झाला त्यांच्या दारी जायचं असतं. बाईनं आपली ओढणी त्या घरच्या थोरल्या बाईच्या पायाशी ठेवायची. तिनं उचलून पुन्हा डोक्यावर घातली तर माफी, नाहीतर तशाच उघड्या डोक्यानं घरी परतायचं. वाटेत चढण चढताना ती म्हणाली, "बापानं हात धरून पुढं आणलेली एकच पोर होती. तिलाच मी खड्ड्यात ढकललं."

निआमतच्या आईनं, बीबीनं, आम्हाला आत घेतलं. अक्रोड घातलेली खारट शीरचाय पुढं आली, म्हणजे निम्मं काम झालं असं मी मनात म्हटलं. माहजबीननं प्याला बोटांत धरला आणि तसाच खाली ठेवला. तिनं ओढणी काढली आणि बीबीच्या पायाशी ठेवली. इतकी वर्षं मी तिच्याशी एका घरात राहते, पण तिला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बीबीनं ओढणी झटकली, तिच्या डोक्यावर घातली आणि म्हणाली, "बाई, तू मुद्दाम नाही केलंस. पण माझा लेक रस्त्यानं मान वर करून चालत नाही, त्याचं काय?"

निआमत अंगणात भिंतीपलीकडे उभा होता. परक्या बायकांत तो येणार नव्हता, म्हणून तिथूनच बोलला. आवाज हळू होता.

"बाई, तुमच्यावर राग नाही. लाज मला माझीच वाटते. चहाखान्यात त्यांनी विचारलं, गुलचेहरा तुझीच ना. मी म्हटलं, या नावाचं माझ्या घरात कुणी नाही. पोरीला ते कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही." मग म्हणाला, "तुम्ही रेडिओवर एवढंच सांगा, की तुमचा कान चुकला. ती मुलगी दुसरी होती. सांगणाऱ्यानंच शब्द मागं घेतला की इथं तो विषय पुन्हा कुणी काढत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना, असं मला वाटलं. पण ज्या बाईनं नवरी असताना ओढणीआडून आपलं नाव सांगितलं, तिनं आता एका पोरीचं नाव खोटं ठरवायचं होतं. निआमतची मुलगी दाराशी मांडी घालून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं, की आल्यापासून माहजबीननं तिच्याकडे एकदाही नजर वळवली नव्हती. माफी बीबीची मागितली, बापाचं ऐकून घेतलं. पोरीची मागायचं आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं.

"गुलचेहरा," माहजबीन तिच्याकडे वळून म्हणाली, "तू सांग. तू नको म्हणालीस तर नाही बोलणार मी. मग जे व्हायचं ते होऊ दे."

पोरीनं बराच वेळ जमिनीवरची पिठाची धूळ बोटानं सारखी केली. "सांगा, बाई," ती म्हणाली. "नाव गेलं तर गेलं. धडे राहू द्या. मी म्हणजे कुणीच नाही असं तुम्ही म्हणालात, तर बाबा पुन्हा रेडिओ लावू देतील."

माहजबीननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वर्गात पोरींना उभं करून नाव घ्यायला लावणाऱ्या बाईला तिच्याच एका विद्यार्थिनीनं नाव सोडून द्यायला शिकवलं होतं, आणि यात चूक पोरीची काहीच नव्हती. आम्ही उठलो तेव्हा तिनं वाकून पोरीचा हात कपाळाला लावला. पोर लाजून मागं सरली.

दुसऱ्या सकाळी मी नानचं पीठ तसंच ठेवून रेडिओजवळ बसले. धडा संपला. माहजबीन म्हणाली, "त्या दिवशी मी एका मुलीला नावानं हाक मारली. माझा कान चुकला. ती गुलचेहरा नव्हती." आवाज अगदी सरळ होता, हजेरी घेतानाचा. मला वाटलं, मी तिथं असते तर तिच्या तोंडावर हात ठेवला असता. पुढं ती म्हणाली, "फोन सुरू आहे." बऱ्याच वेळानं फोन वाजला. तुती बोलली, मग जर्दाळू. पुदिना बोलली नाही.

संध्याकाळी निआमत स्वतः गाढवावर पिठाचं पोतं घेऊन आमच्या दारी आला. माझ्या नवऱ्यानं घ्यायला नको म्हटलं, पण तो ऐकेना. म्हणाला, बाईंनी माझी मान वर केली, माझ्या हातात एवढंच आहे. त्या पिठाच्या नान मी भाजल्या. पीठ चांगलं होतं, पोरांनी ताव मारला. माहजबीन नानचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसली.

"काय म्हणाला तो?" तिनं मला विचारलं.

"म्हणाला, पोरीनं बाईंना सलाम सांगितलाय."

"नाव घेतलं?"

"नाही. नुसतंच पोर म्हणाला."

तिनं तुकडा ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "कसं घेईल? ते नाव तिचं नाही असं मीच तर सांगितलं."