उतरवून घे

समजा, तुम्ही गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये आहात. कपाटातला राउटर लुकलुकतोय आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. लाइन कंपनीने दिलेला नवा नेटवर्क-पत्ता साडेपाचच्या आत त्यात घातला नाही, तर अमेरिकेचे फोन लागणार नाहीत. दोनशे माणसं हातावर हात ठेवून बसतील. काय कराल?

प्रणिताने श्यामकांत सरांना फोन लावला. राउटर त्यांनीच बसवला होता. २००४च्या मार्चमध्ये नोकरी सोडून ते नाशिकला गेले आणि त्यांच्या जागी ती आली. आज तिचा अकरावा दिवस.

"पासवर्ड? तो मी नोकरीबरोबरच सोडला," सर हसले. "घाबरू नकोस. राउटरला कॉम्प्युटर जोड, राउटर बंद करून चालू कर आणि मिनिटाच्या आत कीबोर्डवरचं ब्रेकचं बटण दाब. मग सांगतो."

दुसऱ्या खेपेला जमलं. सरांनी सांगितलेला आकडा टाकल्यावर राउटर कोरा उठला आणि पासवर्ड न विचारताच त्याने तिला आत घेतलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"झकास! आता आत साठवलेल्या जुन्या सगळ्या सेटिंग्ज आधी उतरवून घे. जपून हं."

प्रणिता दिल्ली छावणीत वाढलेली, सुभेदाराची मुलगी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. तिच्या लेखी उतरवायचं म्हणजे काढून टाकायचं, अंगावरचे कपडे उतरवतात तसं. तिने पुसण्याची आज्ञा टाइप केली.

"सर, हा विचारतोय, नक्की पुसू का?"

पलीकडून सर ओरडले, "हात उचल! अगं, कीबोर्डवरून हात उचल!"

तिने दोन्ही हात वर केले. रिसीव्हर मानेत अडकलेला, पडद्यावर प्रश्न तसाच.

"एन दाब. फक्त एन. उतरवून घे म्हणजे नक्कल कर, बाई! त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही! फळ्यावरचं वहीत उतरवून घेतात तसं!"

"आमच्या शाळेत 'नोट डाऊन' म्हणायचे, सर."

"धन्य आहेस!"

तिने जपून एन दाबलं. पुसणं रद्द झालं. मग जुन्या सेटिंग्जची नक्कल करून त्या पुन्हा चालू केल्या, नवा पासवर्ड दिला, पत्ता बदलला, सेव्ह केलं. पाच सत्तावीसला पहिला फोन लागला, तेव्हा कुठे तिला घाम पुसायचं सुचलं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या पायऱ्या सरांच्या शब्दांत वहीत लिहिल्या. 'उतरवून घे' खोडून 'कॉपी कर' केलं. मग उरलेल्या ओळी इंग्रजीत मांडण्याआधी पुन्हा पुन्हा वाचल्या. तिच्या जागी येणारा पुढचा माणूस पाटण्याचा असेल, कोचीचा असेल. यातला कुठला शब्द त्याला उलटा कळेल?