खालची चीर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आत्याचं नाव घेतो. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात तिनं जन्मभर शेळ्या राखल्या आणि घरातला पहिला पदवीधर व्हावा म्हणून मला शहरात धाडलं. पण आधी सांगायचं ते तिच्या बघण्याबद्दल. झाडाला हात लावण्याआधी आत्या त्याच्याकडे इतका वेळ बघत राही, की शेळ्यासुद्धा कंटाळून खाली बसत.

दुष्काळात लोक चाऱ्यासाठी बाभळी बोडक्या करायचे. आत्या एका झाडाची एकच फांदी घ्यायची आणि पुढच्या झाडाकडे निघायची. त्यापायी रोज कोसभर जास्त चाल पडे. लोक हसत. ती म्हणे, "पुढल्या साली बी भूक लागनारच हाय की."

मी चिकलठाण्याला घर बांधलं तेव्हा प्लॉटवरचा कडुनिंब राखला. वसाहत वाढली, शेजारी दुमजली घर झालं आणि झाडाची एक जाड फांदी त्यांच्या पाण्याच्या टाकीवर झुकली. टँकरच्या त्या दिवसांत टाकी फुटली तर काय, म्हणून शेजारी अख्खं झाडच पाडायला सांगत होते. मी फांदी छाटायची रीतसर परवानगी काढली, बॅटरीवर चालणारी करवत आणली आणि आत्याला बोलावून घेतलं.

नवी शेळी पारखावी तशी तिनं करवत उलटीपालटी करून पाहिली. दातांना बोट लावण्याआधी मला बॅटरी काढायला लावली. "धूर नाय, बोंब नाय. गरीब दिसती, पन चावंल," म्हणाली. मी सोबतची पुस्तिका वाचून तिला समजावली. आधी फांदीला खालून थोडी चीर द्यायची, मग जरा पुढे वरून कापायचं, म्हणजे पडताना फांदी खोडाची साल ओढून नेत नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ज्यानं हे लिव्हलं, त्यानं शेळ्या राखल्या असतील बघ."

पासष्टीची आत्या पदर खोचून, डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा चढवून आमच्या गच्चीवर उभी राहिली. टोकाकडून एकेक तुकडा दोराला बांधून तिनं उतरवला. दोर मी आणि शेजाऱ्यांनी धरला होता. टाकीला ओरखडा नाही, सालीचा धागासुद्धा सुटला नाही.

पुढच्या वर्षी दुसरी फांदी मी एकट्यानं काढायला घेतली. जे झालं ते फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून पत्र लिहिलं. ते मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या आली आणि झाडासाठी सगळा उन्हाळा राहिली. आज कडुनिंब दोन्ही घरांवर सावली धरून आहे. आत्या नाही. पत्र असं होतं:

ती. आत्यास सा. न.

मी दुसरी फांदी कापली. कामावर जायची घाई होती, म्हणून खालची चीर दिली नाही. फांदी अर्ध्यात मोडली आणि खोडाची साल हातभर सोलत खाली आली. आतलं लाकूड उघडं पडलं आहे. मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही, पुस्तिका मीच तुला वाचून दाखवली होती. शेजारी म्हणतात, आता हे वाळणारच, पाडून टाका. मी त्यांना सांगितलं, आमच्या घरातलं थोरलं माणूस येऊन बघेल, मग बोलू.

करवतीची बॅटरी काढून ठेवली आहे. ये.

तुझा,
दत्ता