स्वस्थ पडून राहा

नागपूरहून डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या शिबिरात स्वयंसेविका म्हणून मी गडचिरोलीपलीकडच्या जंगलात निघाले, तेव्हा आईने असा निरोप दिला की जणू मी आगबोटीत बसून परदेशी चालले होते. तिच्या लेखी चांद्याचं जंगल म्हणजे परदेशच. आणि मला काम मिळालं ते काय, तर गावच्या शाळेत ओळीने निजवलेल्या, मोतीबिंदू काढलेल्या बायकांना हलू न देणं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलली, टाका उसवला, की डोळा गेला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी मला जेवणाच्या पाटावरही धड बसवत नसे, आणि इथे मी इतरांना स्वस्थ पडा म्हणत होते.

दाराजवळची म्हातारी त्याच गावातली, एकटी. पहाट झाली की तिची बोटं चटई खरवडू लागत.

"बाई, मोहा पडून राह्यला असन. मले जाऊ दे ना."

शाळेमागे तिच्या वाट्याचं मोहाचं झाड होतं. ऊन चढण्याआधी फुलं वेचली नाहीत तर ढोरं खाऊन टाकत, आणि तिचं पावसाळ्यातलं पोट त्या फुलांवरच चाले. गेल्या साली दिसत नसल्यामुळे चाचपडत वेचली, निम्मी तशीच राहिली. म्हणून तर ती डोळा कापून घ्यायला तयार झाली होती. आणि फुलं गळू लागली ती नेमकी पट्टी बांधल्यावर.

मी समजावलं, रागावले, उशाशी बसून राहिले. तरी एका पहाटे पाहते तर ही कोपरावर उठलेली. मी धावले. तिला हळूच निजवलं.

"माय, तू हलू नको. मी वेचते."

"सारा?"

"सारा."

मग रोज मी वेचू लागले. टोपली तिच्या हाताशी ठेवली की ती बोटांनी फुलं चाचपायची आणि निमूट पडून राहायची. मी मात्र आत-बाहेर येरझारा घालत होते. त्या एका उठण्यात टाका उसवला असेल तर? पट्टीखाली काय झालंय ते कोणालाच दिसत नव्हतं.

पट्टी सोडायच्या सकाळीही मी टोपली घेऊनच धावत आले. डॉक्टरांनी तिला उठवून बसवलं, जाड भिंगांचा चष्मा लावला, समोर बोटं धरली.

"किती?"

ती बोटांकडे बघेचना, खालीच तोंड करून बसली. मला रडू आवरेना.

"डाक्टर भाऊ," ती म्हणाली, "पाय उचल ना. मोहा चेंगरून राह्यला."

डॉक्टरांनी पाय उचलला. बुटाच्या कडेला, माझ्या टोपलीतून सांडलेलं एकच फूल होतं.