न दिसणारी हार्ड डिस्क आणि लग्नातली मेंढरं

सातारा परिसरात, म्हणजे सातारा शहरात नव्हे, अजिंठ्याकडच्या आमच्या शहरातल्या त्याच नावाच्या वस्तीत, आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं छातीठोकपणे सांगितलं होतं, की बोअरला बारा महिने पाणी आहे. वर्षभरात आजूबाजूला चार इमारती उठल्या, प्रत्येकीनं आपापली बोअर घेतली आणि आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसायला लागली. त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दडी मारली. मग काय, टँकर. टँकर आला की आमचे वॉचमन मामा गेटवर उभे राहून अशी शीळ घालायचे, की चौथ्या मजल्यावरची झोपलेली माणसंही बादल्या घेऊन उठावीत.

मामा सिल्लोडकडचे, धनगर. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेला माणूस. पहिल्या दुष्काळात चारा संपला, तेव्हा अर्धी मेंढरं विकली, उरलेली धाकट्या भावाच्या हवाली केली आणि ते आणि मामी पार्किंगशेजारच्या खोलीत राहायला आले. भाऊ मेंढरं घेऊन अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात गेला होता. तिथं थोडं हिरवं होतं म्हणे.

मी तेव्हा एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचा मोबाईल अडला, प्रिंटर रुसला, की तो माझ्याकडे यायचा. मलाही ते आवडायचं. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कारकून. दुसऱ्याचा अडलेला कागद पुढं सरकवण्यात धन्यता मानणारे. तोच गुण माझ्यात उतरला असावा.

एका गुरुवारी दुपारी मी कॉलेजातून आले, तर मामा दारात उभे. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, एखादं नवजात कोकरू धरावं तसं धरलेलं.

"ताई, जरा बघता का? हा डबा लागना झालाय."

टॉवेलात काळी हार्ड डिस्क होती, हाताच्या तळव्याएवढी. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न झालं, त्याची फिल्म तिच्यात होती. फोटोवाल्यानं सांगितलं होतं, आता सीडीचा जमाना गेला, यात सगळं आहे, टीव्हीला लावा आणि बघा. तेव्हा मामांकडे टीव्ही नव्हता. आता दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नवीन घेतला म्हणून जुना यांना दिला होता. आणि मुलगी रविवारी तान्हं बाळ घेऊन पहिल्यांदाच इथं येणार होती. तिनंही ती फिल्म पाहिलेली नव्हती. कुणीच पाहिलेली नव्हती.

"फोटोवाल्याकडं दुसरी असेल की," मी म्हणाले.

"त्यानं दुकान बंद केलं, ताई. पुण्याकडं गेला. ही एकच हाय."

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम. मामांनी सोबत आणलेल्या वायरीनं डिस्क कॉम्प्युटरला लावली. तिच्यावरचा छोटा निळा दिवा लागला. मामांचा चेहराही उजळला. पण पडद्यावर काहीच नाही. टुंग असा आवाज येतो, तोही नाही. मी काढून पुन्हा लावली. समोरच्या खाचेतून मागच्या खाचेत घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कॉलेजचा लॅपटॉप काढला, त्यालाही लावली. दिवा लागतोय, डिस्क आत घुमतेय, बोटांना जाणवतंय, आणि कॉम्प्युटर मात्र ओळखच दाखवत नाही. पाच मिनिटांचा तास झाला. मामी चहा घेऊन वर आल्या आणि चहा निवून गेला.

शेवटी मी नवऱ्याच्या खणातून एक जुनी लांबलचक वायर शोधून काढली. ती लावल्यावर टुंग वाजलं! पण डिस्क आतून कट् कट् करायला लागली. पडद्यावर आली, गेली, पुन्हा आली. आणि मग एक पाटी उघडली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?

मी कंटाळले होते. खरं सांगायचं तर चिडले होते. माझा हात माऊसवर होता आणि बाण 'हो'च्या दिशेनं निघालाही होता.

"काय विचारतंय ते?" मामांनी मागून विचारलं.

"विचारतंय, की डिस्क पुसून कोरी करू का. मग चालेल म्हणतंय."

"आन् फिल्म?"

"ती पण पुसली जाईल," मी म्हणाले. ते जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मेंढरू बसलं, उठना झालं, म्हणून लगीच खाटकाला देत नाय. आधी पायात काटा हाय का बघतो. मग तोंडात बघतो. समदं बघून झालं की मग काय ते."

मला इतकी लाज वाटली. वर्गात पोरांना मी हेच ओरडून सांगायची, की ती पाटी आली तर 'हो' म्हणायचं नाही. मी 'नाही' दाबलं आणि डिस्क काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पैठण गेटच्या बाजारात गेलो. मी म्हटलं होतं, डिस्क द्या, मी जाऊन येते. पण ते काही तिला एकटी सोडायला तयार नव्हते. माझ्या स्कूटीवर मागं बसून, टॉवेलातली डिस्क छातीशी धरून ते आले. तिथं मोबाईल आणि कॉम्प्युटरचं किडुकमिडुक विकणारे एक म्हातारे चाचा बसायचे. त्यांनी आधी डिस्क नाही, वायर मागितली. मामांची वायर उलटसुलट करून पाहिली आणि हसले.

"ये कहाँ से लाए, मामू?"

"मोबाईलच्या दुकानातून. आधीची हरवली, तर म्हणला ही बसती."

"बैठती तो है. मगर ये चार्जिंग की है. खाली पेट भरती, बात नइं करती."

म्हणजे असं, की तिच्यातून नुसती वीज जायची, म्हणून दिवा लागायचा. पण माहिती नेणाऱ्या तारा तिच्यात नव्हत्याच. आणि माझ्या नवऱ्याची वायर? ती चाचांनी दोन बोटांत धरून वाकवली. आतून तुटत आली होती, शिवाय फार लांब. डिस्कला पुरेशी वीज मिळत नव्हती, म्हणून ती कट् कट् करत होती, आणि कॉम्प्युटरला ती धड वाचता येत नव्हती म्हणून तो म्हणत होता पुसून टाका. डिस्क बिचारी चांगलीच होती. कॉम्प्युटर शिकवणारी मी, आणि मला वायरीचा संशयच आला नव्हता!

चाचांनी वीतभर लांबीची, रुंद तोंडाची वायर दिली. घरी येऊन मी ती कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला थेट लावली. टुंग. आणि पडद्यावर मुलीच्या नावाचं फोल्डर. मामांनी डिस्कला नाही, वायरीला हात जोडले.

मी फिल्म उघडली नाही. आधी सगळं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, मग कॉलेजच्या लॅपटॉपवर. मामा म्हणाले, रविवारी पोरीसंगंच बघू.

रविवारी काकूंचा जुना टीव्ही शेवटपर्यंत आडमुठाच राहिला. नव्या वायरीनंही त्याला डिस्क दिसेना. मग आम्ही माझा कॉम्प्युटरच खाली पार्किंगमध्ये आणला. सतरंज्या टाकल्या. चार वाजले होते, पण तिथं सावली होती. मुलगी, जावई, टोपडं घातलेलं बाळ, आणि बघता बघता सगळी बिल्डिंग. हळद सुरू झाली आणि तेवढ्यात गेटवर टँकर! मामांनी शीळ घातली, सगळे बादल्या घेऊन पळाले, आणि पडद्यावरची नवरी अर्धी हळद लागलेली तशीच अर्धा तास थांबून राहिली.

परत सगळे जमले. वरात निघायच्या आधी फोटोवाल्यानं, बहुधा वेळ भरून काढायला, माळावरच्या मेंढरांचं चित्रण टाकलं होतं. धूळ, उन्हं कलती, आणि पाठीमागं सिनेमातलं गाणं. इतका वेळ मान खाली घालून बसलेले मामा एकदम उठले.

"थांबवा, ताई. थांबवा!"

ते पडद्याजवळ जाऊन उकिडवे बसले आणि बोटानं दाखवायला लागले. "ही तुटक्या कानाची. ही हिची पोरगी. ही काळी, तिळं व्हायची दर खेपेला. आन् हा मेंढा बघा, शिंगवाला. आता पुढं लावा."

मी पुढं लावलं. तो मेंढा मान खाली घालून थेट आमच्याकडे धावत आला, पडदा गदगदला, आभाळ दिसलं, कुणाचे तरी पाय दिसले, आणि गाणं तसंच चालू राहिलं. पार्किंगमध्ये हशा पिकला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तर ठसका लागला.

"पाडलंच की त्याला!" मामा डोळे पुसत हसत होते. "मी सांगितलं व्हतं फोटोवाल्याला, त्याच्या वाटंत उभा राहू नको म्हणून!"

मामी म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाला बसलो ना आपण? का मेंढरांच्या?"

"पोरगी हितं बसलीय की म्होरं," मामा म्हणाले.

मी न राहवून विचारलं, "यातली किती आहेत आता?"

त्यांनी पडद्यावर पुन्हा बोट फिरवलं. "निम्मी. तुटक्या कानाची गेली बाजारात. काळी हाय भावाकडं. मेंढा बी हाय." मग मुलीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ते बाळाला म्हणाले, "बघ, ही आपली मेंढरं." तो भाग मी तीनदा लावला. आहेर, जेवणावळ, पाठवणी सगळं नंतर झालं. पाठवणीला मुलगी स्वतःलाच रडताना बघून हसत होती.

त्याच संध्याकाळी मामांनी भावाला फोन लावला आणि मेंढ्याची सगळी कथा मोठ्यानं सांगितली. मग फोन ठेवून, बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, दोन दिस सुट्टी पायजे. जाऊन येतो."

ते गेले. टँकरची जबाबदारी माझ्या नवऱ्यावर आली. त्यांना शीळ येत नव्हती, म्हणून ते स्टीलचं ताट वाजवायचे, आणि खालच्या मजल्यांनाच ऐकू जायचं, वरचे कोरडे राहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा एसटीनं परत आले. अंगाला मेंढरांचा वास, चेहऱ्यावर दोन रात्रींचं जागरण, आणि गेटमधूनच ओरडून सांगितलं,

"ताई, काळीला तीन झाली! तिन्ही जगली!"